डाव्या बाजूचा दिवा

काकूंच्या मुलाने गाडीचा डावा हेडलाइट फोडला तो घाबरून. बायकोला कळा सुरू झाल्या, त्याने तिला मागच्या सीटवर नीट बसवलं, बॅग ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, आणि गाडी मागे घ्यायची ती पुढे घेतली. फाटकाच्या दगडी खांबाला डावा कोपरा लागला आणि काच खळ्ळकन फुटली. तो उतरून बघणार, तेवढ्यात बायको मागून ओरडली, "बघत काय बसतोस? चल!" तो तसाच दवाखान्यात गेला. दुपारी त्यांना मुलगी झाली.

संध्याकाळपर्यंत दोन्हीकडच्या आया येऊन थडकल्या. वेगवेगळ्या बसने आल्या, पण दोघींच्याही हातात महिनाभर पुरेल एवढी बॅग. घरात पाहुण्यांची खोली एकच, तिच्यात पलंग एकच. पहिल्या रात्री दोघी दोन कडांना अशा झोपल्या की मधे आणखी एक पाहुणी सहज मावली असती.

मुलाची आई म्हणजे काकू. त्यांचं शिवणाचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, म्हणून लग्न होऊन आलेली सूनही काकूच म्हणू लागली. मुलीची आई म्हणजे मॅडम. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातली मुख्याध्यापिका काही निवृत्त झाली नाही. त्यांचा सख्खा भाऊसुद्धा फोनवर चुकून त्यांना मॅडम म्हणून जायचा. दोघींचेही नवरे आता हयात नव्हते.

विहिणी विहिणींचं भांडण असं कधी झालं नव्हतं. झालं असतं तर एकदाचा निकाल लागला असता. लग्नाच्या वेळी काकूंनी रात्री जागून शिवलेल्या कपड्यांना मॅडम "ठीक आहेत" म्हणाल्या होत्या. आणि मॅडमनी केलेल्या छोट्याशा भाषणानंतर काकू शेजारणीला "संपलं वाटतं" म्हणाल्या होत्या, ते मॅडमच्या कानावर पडलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फार गोड बोलत. "तुम्ही बसा हो ताई, मी करते." "छे छे मॅडम, तुम्ही कशाला, मी आहे ना." या गोडीगुलाबीत स्वयंपाकघरातला मिठाचा डबा दिवसातून दोनतीनदा जागा बदलत होता, आणि काकूंचा मुलगा आमटी चाखून नुसतं पाणी पीत होता.

नवा हेडलाइट त्याने दुसऱ्याच दिवशी आणून ठेवला होता. जुन्या गाडीचा भाग, तरी मिळाला, बल्बसकट. "रविवारी बसवतो," म्हणून त्याने तो खोका जिन्याखाली सारला आणि एका दिव्याची गाडी घरीच ठेवून बसने दवाखान्यात निघून गेला. त्याला तीन तास सलग झोप मिळत नव्हती, त्यात हेडलाइट कुठून सुचणार.

रविवार यायच्या आतच दुपारी त्याचा फोन आला.

"आई, आज सोडतायत. डॉक्टर संध्याकाळी फेरीला येतील, मग लगेच निघायचं. मी टॅक्सी बघतो."

काकूंनी फोन मोठ्या आवाजावर टाकला होता, त्यामुळे मॅडमनाही सगळं ऐकू आलं. दोघी एकदमच म्हणाल्या, "टॅक्सी कशाला?"

"मॅडम आहेत ना, त्या आणतील गाडी," काकू म्हणाल्या.

"बाळाची सीट गाडीत बसवलेली आहे," मॅडम म्हणाल्या. "ती काढून टॅक्सीत लावणार कोण?"

त्या सीटचं नाव काढताच पलीकडे सामसूम झाली. ती बसवायला काकूंच्या मुलाला अख्खी दुपार लागली होती आणि बायकोशी तीनदा वाजलं होतं.

"पण एकच दिवा आहे," तो म्हणाला. "आणि येताना अंधार पडेल. दवाखान्याच्या रस्त्यावर खांबांवर दिवे नाहीत."

"ते आम्ही बघतो," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंद केला. फोन काकूंचा होता, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

नाक्यावरच्या मेकॅनिकला फोन लावला तर त्याची सुट्टी. घंटा वाजत राहिली. मॅडमनी पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. काकूंनी तोवर जिन्याखालून खोका ओढून काढला, उघडला, आणि आतला दिवा दोन्ही हातांत धरून वळवून वळवून पाहिला. स्वच्छ काच, मागे काळं प्लास्टिक, वर दोन कान, बाजूला एक कान, खाली एक खोबण.

"म्हणजे वरून दोन, बाजूने एक, आणि खाली अडकवायचा," काकू म्हणाल्या. "तीन बोल्ट. एवढंच तर आहे."

"तुम्ही आधी कधी केलंय?"

"मी गाडीत बसते, तेवढाच माझा तिच्याशी संबंध. तुम्ही इतकी वर्षं चालवताय, तुम्ही केलं असेल."

मॅडमनी खरं सांगितलं. पंचवीस वर्षांत त्यांनी गाडीचं बॉनेट एकदाही स्वतः उघडलं नव्हतं.

गाडी घरापुढच्या पत्र्याच्या शेडखाली उभी होती. मॅडमनी स्टिअरिंगखाली चाचपून खटका ओढला. बॉनेट बोटभर उचललं गेलं आणि तिथेच अडलं. मॅडमनी जोर लावला, हलेना. काकूंनी त्यांना बाजूला केलं, फटीत बोटं घातली, मशीनच्या पोटातली कळ शोधतात तशी आतली पट्टी शोधली आणि सरकवली. बॉनेट वर आलं. दांडीला टेकवून ठेवल्यावर दोघी आत वाकून बघत राहिल्या.

"केवढा पसारा हो," काकू म्हणाल्या.

मॅडमनी फोनवर एक व्हिडिओ शोधला. एक जाडजूड माणूस याच गाडीचा हेडलाइट बदलत होता आणि दर वाक्याला "अगदी सोप्पं आहे" म्हणत होता.

"हा उजवा काढतोय," मॅडम म्हणाल्या. "आपला डावा आहे. दुसरा बघते."

"राहू द्या. डाव्याउजव्याचं मला सांगू नका. एक बाही कापली की दुसरी उलटी, जन्म गेला त्यात. तो काय करतो तेवढं सांगा."

मग मॅडम वाचल्यासारखं सांगू लागल्या आणि काकू करू लागल्या. हे वाटप कुणी ठरवलं नव्हतं. मॅडमचा चष्मा वाकलं की घसरत होता आणि काकूंची बोटं बारीक होती, म्हणून ते आपोआप झालं.

"आधी बॅटरीची काळी तार सोडवायची."

"किल्ली काढली की झालं की."

"त्याने सांगितलंय."

काकूंनी "बरं बाई" म्हणत तार सोडवली आणि फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. वरचे दोन बोल्ट दहा नंबरच्या पान्याने पटकन निघाले. एक मात्र काकूंच्या बोटांतून निसटला आणि टणटण आवाज करत कुठेतरी खाली गेला. दोघी श्वास रोखून जमिनीवर पडल्याचा आवाज यायची वाट बघत राहिल्या. आला नाही.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "गिळला तिने."

काकू आत गेल्या आणि बाळाची झबली शिवायला आणलेल्या छोट्या मशीनच्या डब्यातून चुंबक घेऊन आल्या. टाचण्या सांडल्या की गोळा करायचा तो. त्याला नाडी बांधून त्यांनी तो विहिरीत पोहरा सोडावा तसा इंजिनाच्या कडेने खाली सोडला. पहिल्यांदा वर आलं ते कुठलंतरी गंजलेलं वॉशर. दुसऱ्यांदा बोल्ट आला. मॅडमच्या तोंडून "शाब्बास" निघून गेलं, अगदी शाळेतल्या सुरात. काकूंनी मान वर करून पाहिलं. त्यांना ते आवडलं होतं.

बाजूचा बोल्ट मात्र बंपरच्या कोपऱ्याआड होता आणि गंजून बसला होता. काकूंनी ताकद लावली, मॅडमनी काकूंच्या हातावर हात ठेवून लावली, पाना घसरला आणि दोघींची बोटं सोलवटली. शेवटी काकूंनी मशीनच्या तेलाची कुपी आणून बोल्टावर चार थेंब सोडले.

"आता मुरू द्या. घाई केली तर डोकं झिजेल."

दोघी पायरीवर बसल्या. ऊन शेडच्या कडेपर्यंत सरकलं होतं. समोरच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "एक बोलायचं होतं."

"मलाही बोलायचं होतं. तुम्ही बोला आधी."

"नाही, तुम्ही बोला."

"छे छे, तुम्ही."

मॅडमनी घसा साफ केला. "तुमची दगदग होतेय हो. तिकडे दुकान बंद. गिऱ्हाइकं खोळंबली असतील. मला वाटतं, तुम्ही निर्धास्त जावं. इथलं मी बघते."

काकू हसल्या. "अहो, मी हेच तुम्हाला सांगणार होते. तुमचं ब्लडप्रेशर, त्यात ही जागरणं. तुम्ही घरी जाऊन आराम करा. मी आहे की."

गोड बोलण्याचा साठा आता संपत आला होता.

"खरं सांगू का," मॅडम म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. हे माझं नाही, मुलीनेच मला सांगितलंय. काल दवाखान्यात म्हणाली, 'आई, काकूंना तू समजावून सांगशील का? घरात गर्दी होते गं. थोडे दिवस आम्हाला...' तेवढ्यात नर्स आली आणि वाक्य तिथेच राहिलं."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"काल कधी?"

"दुपारी. तो चहाला गेला होता तेव्हा."

"चहाला तो माझ्याबरोबर आला होता," काकू म्हणाल्या. "आणि चहा पिताना मला म्हणाला, 'आई, मॅडमना तू नीट सांग. तुझं बोलणं त्यांना लागणार नाही. थोडे दिवस घर शांत हवंय.'"

रेडिओवरचं गाणं संपून बातम्या लागल्या. मॅडमनी पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"म्हणजे गर्दी मी," काकू म्हणाल्या.

"आणि गोंगाट मी."

"म्हणजे दोघींनीही जायचं."

"तसंच दिसतंय."

"आणि हे आपल्या आपल्या आईला तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून तिने तुमच्याकडून मला आणि त्याने माझ्याकडून तुम्हाला."

"दोघांनी बसून ठरवलेलं आहे हे," मॅडम म्हणाल्या. "एकाच वेळी चहाला जाणं वगैरे. नीट आखलेलं आहे."

मग काकू उठल्या आणि आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला. हात धुवायला एवढं पाणी लागत नाही, हे मॅडमना कळत होतं. त्या पायरीवरच बसून राहिल्या. त्यांना वाटलं, उठावं, बॅग भरावी आणि संध्याकाळच्या बसने निघून जावं, म्हणजे पोरीला कळेल. मग वाटलं, पोरीला काय कळेल? हेच की आईला राग आला. आणि त्या चार दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला तेवढंच बाकी होतं.

काकू आल्या तेव्हा त्यांचं तोंड धुतलेलं होतं, डोळे जरा लाल होते आणि हातात चहाचे दोन कप होते.

"तुम्हाला साखर कमी लागते ना," त्या म्हणाल्या. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी ती कमी घातली होती.

चहा निम्मा झाल्यावर त्या बोलू लागल्या. "हा झाला ना, तेव्हा माझी सासू वर्षभर माझ्या उशाशी बसून होती. वाईट नव्हती, जीव होता तिचा नातवावर. पण मला कधी त्याला आंघोळ घालू दिली नाही. 'तुला नाही जमायचं, हात घसरेल.' मी दुधापुरती आई. दारामागे उभी राहून मनात म्हणायची, ही बया कधी जाईल. आणि आज बघा, मी मोठी बॅग भरून आले. सुनेला काल सांगितलंसुद्धा, की आंघोळ मीच घालणार, तू बघायचंसुद्धा नाहीस."

"तिने काय म्हटलं?"

"'हो काकू' म्हणाली. ती नेहमीच 'हो काकू' म्हणते. मला वाटायचं, किती गुणाची आहे."

मॅडम हसल्या नाहीत. "माझं उलटं झालं," त्या म्हणाल्या. "ही झाली तेव्हा माझ्याजवळ कुणीच नव्हतं. ह्यांची बदली झालेली, आई अंथरुणाला खिळलेली. परक्या गावात मी आणि हे एवढंसं. एकदा रात्रभर रडत होती, तर मीही बरोबरीने रडले. शेवटी शेजारीण दार वाजवून विचारायला आली, की दोघींपैकी भूक कुणाला लागलीय. तेव्हा ठरवलं होतं, की हिच्यावर ही वेळ येऊ द्यायची नाही. पण ती कुठे एकटी आहे? तुमचा मुलगा आहे की. गाडी खांबावर घालतो, पण आहे."

"आहे खरा," काकू म्हणाल्या. "रोज डायपर बदलतो म्हणे. ह्यांना तर मूल उचलून दिलं की ते आधी बसायला जागा शोधायचे."

त्या उठल्या, त्यांनी पाना बोल्टाला लावला आणि दात आवळून दाब दिला. बोल्ट करकरला, अडला आणि मग सुटला.

जुना दिवा पुढे ओढल्यावर मागे वायरींचा गुच्छ दिसला. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, की खटका दाबून ओढा, अगदी सोप्पं आहे. काकूंनी दाबून ओढलं, हललं नाही. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, गुच्छ डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "खटका खालच्या बाजूला आहे. आपण भलतंच दाबतोय." खालून दाबल्यावर तो लगेच निघाला. सिग्नलचा छोटा बल्ब वेगळा होता, तो फिरवून काढावा लागला. फुटका दिवा वर्तमानपत्रावर ठेवला, काचा वेचल्या, आतल्या खोबणीत शिरलेला कचरा काकूंनी जुन्या टूथब्रशने साफ केला.

नवा दिवा बसवताना मात्र घोळ झाला. वरचे कान जुळले की खालची खोबण सुटायची, खोबण धरली की कान वर यायचे. दोघींनी तीन वेळा काढला आणि घातला. चौथ्या वेळी मॅडमनी खालून हात घालून खोबण धरून ठेवली आणि काकूंनी वरून हलकेच दाबला. टक्‌ असा आवाज आला. तो आवाज ऐकून दोघींनाही भलतंच समाधान वाटलं. बोल्ट लागले, वायरी लागल्या. मॅडम गाडीत बसल्या, किल्ली फिरवली, दिव्याचा खटका ओढला.

काहीच लागलं नाही.

"पुन्हा करा," काकू समोरून म्हणाल्या.

मॅडमनी पुन्हा केलं. डावाही नाही, उजवाही नाही. घड्याळाचे आकडे नाहीत, हॉर्न नाही, काहीसुद्धा नाही. मॅडमचा चेहरा उतरला. "ताई, आपण गाडीच बिघडवली की काय हो? आता टॅक्सी सांगावी लागणार. काय तोंड दाखवायचं!"

काकू बॉनेटखाली वाकल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना फडकं दिसलं. फडक्यात गुंडाळलेली बॅटरीची काळी तार तशीच बाजूला पडली होती.

त्यांनी ती उचलून मॅडमना दाखवली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. मॅडम स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होत्या. काकूंना उभं राहवेना, त्या बंपरला धरून खाली बसल्या. समोरच्या घरातला रेडिओ बंद करून कुणीतरी खिडकीतून डोकावलं.

तार जोडल्यावर दोन्ही दिवे लागले. डावा पांढरा, लख्ख. उजवा वर्षानुवर्षांच्या उन्हाने पिवळा पडलेला. मॅडमनी गाडी भिंतीसमोर घेतली. नव्या दिव्याचा झोत वर चढत होता. काकू भिंतीपाशी उभ्या राहिल्या, उजव्याचा झोत जिथे पडत होता तिथे कमरेशी हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "इथवर उतरवायचा." मॅडमनी मागचा स्क्रू थोडा थोडा फिरवला. झोत हळूहळू खाली आला आणि काकूंच्या हातावर येऊन थांबला.

"बस!" काकू ओरडल्या. "आता हलवू नका."

संध्याकाळी मॅडमनी गाडी दवाखान्याकडे नेली. काकू शेजारी बसून जिथे ब्रेक नाही तिथे पाय दाबत होत्या. दोघींत ठरलं होतं, की वाटेत पोरांना काही बोलायचं नाही.

काकूंचा मुलगा दारातच बॅग घेऊन उभा होता. गाडी जवळ आली तसा तो दिव्यांकडे बघत राहिला, मग पुढे येऊन वाकून बघितलं.

"हा कुणी बसवला? मेकॅनिकची तर आज सुट्टी असते."

"आम्ही," मॅडम म्हणाल्या.

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही म्हणजे आम्ही. बाळाला आण आता, वारा सुटलाय."

बाळ सीटमध्ये ठेवलं तेव्हा ते एवढंसं दिसलं की सगळेच जरा बावरले. काकूंच्या मुलाने पट्टे लावले, सोडले, पुन्हा लावले. मॅडमनी गाडी इतकी सावकाश चालवली की मागून येणारे सगळे पुढे निघून गेले. रस्ता पुढे दोन रंगांनी उजळत होता.

घरी पोचल्यावर बाळ झोपलं. मॅडमची मुलगी उशीला टेकून बसली होती, तिचा नवरा कॉटच्या कडेला. काकूंनी गरम सूप आणून दिलं. मुलाने आईकडे पाहिलं, मग सासूकडे, मग बायकोकडे. तो काहीतरी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आम्ही दोघी उद्या दुपारच्या बसने निघतोय."

"दोघी?" तो म्हणाला.

"गर्दी आणि गोंगाट," काकू म्हणाल्या. "दोन्ही एकदमच जातील."

मुलगी पांढरीफटक पडली आणि तिच्या डोळ्यांत घळाघळा पाणी आलं. "आई, मी तसं नव्हतं म्हटलं गं. काकू, खरंच, मला..."

"तसंच म्हणाली होतीस," मॅडम तिच्याजवळ बसत म्हणाल्या. "आणि बरोबर म्हणाली होतीस. फक्त पुढच्या वेळी मला माझ्याबद्दल सांग. काकूंबद्दल मला सांगून काय उपयोग? मी त्यांच्या बाजूची निघाले."

मुलगी रडता रडता हसली. काकूंचा मुलगा मात्र खाली मान घालून बसला होता. काकूंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "लाज नाही वाटत? आईला चहा पाजून विहिणीच्या अंगावर सोडतोस?"

"कसं सांगू कळत नव्हतं," तो म्हणाला. "तू एवढी झबली शिवून आणलीस."

"झबली राहतील इथेच. मी जाते."

पण हे सगळं हसण्यावारी गेलं असं नाही. त्या रात्री पलंगावर पडल्यावर काकू म्हणाल्या, "वाईट वाटतंय हो मला." मॅडम म्हणाल्या, "मलाही." आणि दोघी तशाच थोडा वेळ जाग्या राहिल्या, पण कडांना नव्हे.

सकाळी मुलीने हाक मारली. "काकू, आज आंघोळ कशी घालायची ते दाखवा ना. मी घालते, तुम्ही बघा." काकू स्टूल घेऊन बसल्या. दोनदा त्यांचे हात आपोआप पुढे गेले, दोनदा त्यांनी ते मांडीखाली दाबले. मुलीने बाळाची मान नीट धरली होती, पाणी जरा जास्त सांडलं, बाळ किंचाळलं आणि मग गप्प झालं. "जमलं," काकू म्हणाल्या.

दुपारी मुलाने दोघींना बसमध्ये बसवलं. काकूंचं गाव आधी यायचं, मॅडमचं त्याच्या पुढे. काकूंचा थांबा जवळ आला तशा त्या बॅग उचलून उभ्या राहिल्या आणि तशाच थांबल्या.

"तिकडे तुमची कोण वाट बघतंय?"

"कुणी नाही," मॅडम म्हणाल्या. "झाडांना पाणी घालायला सांगून ठेवलंय महिन्याभराचं."

"मग उतरा की. बॅग भरलेलीच आहे."

कंडक्टर दारात घाई करत होता. मॅडम उतरल्या.

काकूंच्या घरी त्या आठवडाभर राहिल्या. दिवसा दुकानात बसायच्या, गिऱ्हाइकांची मापं वहीत लिहून द्यायच्या, आणि एका बाईचा ब्लाउज पाठीत ओढतो हे तिच्या तोंडावर सांगून बसल्या. काकूंनी नंतर आत जाऊन ते खरं असल्याचं कबूल केलं. रोज संध्याकाळी दोघी फोनजवळ बसायच्या. पोरांना काय काय सांगायचं याची उजळणी व्हायची. पोटात दुखलं तर हे, सर्दी झाली तर ते.

फोन तिसऱ्या दिवशी आला. बाळ छान आहे, म्हणाले. रात्री दोनदा उठतं, आम्ही पाळीने उठतो. दूध पितं. आंघोळ रोज होते. काही अडलं नाही. तुम्ही कशा आहात?

"आम्ही मजेत," मॅडम म्हणाल्या.

काकूंनी फोन ठेवला. सांगायचं ठरवलेलं सगळं तसंच राहून गेलं होतं.

"काही अडलं नाही म्हणतात," काकू म्हणाल्या.

"हो. बरं झालं."

"बरंच झालं." काकूंनी उसासा टाकला. "एखादं काहीतरी अडायला काय हरकत होती?"

मॅडम हसल्या आणि उठून दुकानाच्या दाराची जाळी ओढून घेऊ लागल्या. बाहेर दिवेलागण झाली होती. काकूंनी उद्या शिवायचे कपडे मोजून बाजूला काढले आणि तिथूनच ओरडून विचारलं, "मॅडम, रात्री भात टाकू का पोळ्या करू?"

"मी करते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बसा."

काकू खरोखरच बसल्या.